चहा स्वस्त होणार असताना बॉस्टनकरांनी तो समुद्रात का टाकला?

गिरगावकर:
नमस्कार. मी गिरगावात शाळकरी मुलांची इतिहासाची शिकवणी घेते. काल अमेरिकन क्रांतीचा पाठ चालू असताना एका मुलीने विचारले की, १७७३ च्या ब्रिटिश संसदेच्या चहा कायद्याने अमेरिकेतील वसाहतींत चहा उलट स्वस्त होणार होता, तर मग लोक भडकले कशाने? ‘प्रतिनिधित्व नाही, तर कर नाही’ (संसदेत आमचे प्रतिनिधी नाहीत, तर तिने आमच्यावर कर लादू नये) ही घोषणा मी सांगितली, पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

भायखळेकर:
ताई, मुलीने नेमके बोट ठेवले आहे. चहाच्या आधीची आठ वर्षे पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. फ्रान्सशी चाललेले सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेला होता आणि अमेरिकेतील फौजेच्या खर्चाचा काही भार वसाहतींनी उचलावा, असे लंडनला वाटत होते. त्यातून १७६५ चा मुद्रांक कायदा आला. मुंबईत भाडेकरार करणाऱ्या प्रत्येकाला मुद्रांक शुल्क ठाऊक असते, मुलांना तिथूनच समजावता येईल. मात्र तिथे दस्तऐवजांबरोबर वर्तमानपत्रे, पत्ते आणि फासेदेखील सुटले नाहीत, आणि कर भरायचा तो वसाहतींत मुळातच दुर्मीळ असलेल्या ब्रिटिश चलनात. बॉस्टनचे मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा लोकांनी ऑगस्टमध्ये झाडाला टांगला. पुढच्या मार्चमध्ये संसदेने कायदा मागे घेतला खरा, पण वसाहतींसाठी हवा तो कायदा करण्याचा आपला अधिकार त्याच दिवशी वेगळ्या कायद्याने जाहीर केला. माझ्या मते दुखण्याचे मूळ इथे आहे. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली; १७७० मध्ये बाकीची उठवून चहावरची, पौंडामागे तीन पेन्सची, तेवढी ठेवली. ती मुख्यतः हक्क दाखवण्यासाठी होती आणि वसाहतींनीही तिच्याकडे त्याच नजरेने पाहिले.

वडाळावासी:
सहमत आहे, पण एक बाजू राहिली. हा चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार, हाती असूनही ती डबघाईला आली होती आणि न खपलेला माल लंडनच्या गोदामांत साचला होता. बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात रयत मरत असताना याच कंपनीने महसुलाची वसुली चालू ठेवली, आणि १७७३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे वकील आणि लेखक जॉन डिकिन्सन यांनी त्या दुष्काळाचा दाखला देऊन अमेरिकनांना सावध केले होते; आपल्याकडे हा धागा फारसा शिकवला जात नाही याचे मला वाईट वाटते. १७७३ च्या त्या चहा कायद्याने कंपनीला नेमलेल्या आडत्यांमार्फत थेट विक्रीची मुभा मिळाली. त्यामुळे स्थानिक व्यापारी आणि डच चहा चोरून आणणारे, दोघेही बाजूला पडणार होते. बॉस्टनच्या आडत्यांत खुद्द मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते.

कंपनीचा चहा घेऊन ‘डार्टमथ’ हे जहाज २८ नोव्हेंबरला बॉस्टनला आले. वीस दिवसांत जकात न भरल्यास माल जप्त होणार होता, आणि गव्हर्नर चहा न उतरवता जहाजाला परत जाऊ देईनात. मुदत सरत आली तेव्हा, १६ डिसेंबरच्या रात्री, एव्हाना बंदरात असलेल्या तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात ओतला गेला. ओहोटीमुळे पाणी उथळ होते, चहाचे ढीग वरच राहिले. सकाळी तरंगणारा चहा दिसला, तेव्हा लोकांनी होड्या काढल्या आणि कोणाला तो उचलून नेता येऊ नये म्हणून वल्ह्यांनी झोडपून बुडवला.

गिरगावकर:
मनःपूर्वक आभार. मग व्यापाऱ्यांनी धंद्यासाठी लोकांना पुढे केले, असे त्या मुलीने म्हटले तर?

भायखळेकर:
व्यापाऱ्यांचा स्वार्थ होताच, तो लपवू नये. परंतु याची शिक्षा म्हणून संसदेने १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद केले, तेव्हा तिथला व्यापार आपल्याकडे ओढून घेण्याची संधी इतर बंदरांना आयती मिळाली होती. त्याऐवजी दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ आला आणि कनेक्टिकटहून तिथले शेतकरी आणि माजी सैनिक इझ्रायल पटनम मेंढ्यांचा कळप हाकत बॉस्टनला घेऊन आले. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले होते.