मदत हवी आहे: शेल स्क्रिप्टमधून फाइल बदलल्याची तारीख एकसारखी छापली जात नाही

अक्कलकोट_रोड: नमस्कार. सोलापुरात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात जॅकार्डच्या (मागावर विणल्या जाणाऱ्या नक्षीच्या) डिझाइनच्या साडेतीनशेच्या आसपास फायली एका फोल्डरमध्ये आहेत. प्रत्येक नावापुढे ती फाइल शेवटची केव्हा बदलली याची तारीख छापणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, मी लिहिली आहे. गेल्या आठवड्यात काठाची जुनी फाइल मागावर चढली आणि चार डझन टॉवेल वाया गेले, म्हणून ही यादी उद्या पहिल्या पाळीच्या आत भिंतीवर लावायची आहे. स्क्रिप्ट चालते, परंतु काही ओळींत तारखेपुढे वेळ येते, तर काही ओळींत त्याच जागी वर्ष येते. असे का होते, एवढेच सांगावे. मोबाईलवरून लिहीत असल्याने कमांड देवनागरीतच लिहीन.

जुना_सोलापूरकर: तारीख कोणत्या कमांडने काढता आणि संगणकावर कोणती प्रणाली आहे, हे दोन्ही आपण लिहिलेले नाही. दुखणे न सांगता औषध मागितल्यासारखे झाले.

पायथॉनप्रेमी: माझ्या मते शेलच्या नादी लागूच नये. पायथॉनमध्ये हे काम चार ओळींत होते आणि तारीख हव्या त्या स्वरूपात मिळते.

अक्कलकोट_रोड: उबुंटू (लिनक्स) आहे. फायलींची यादी देणाऱ्या 'एलएस डॅश एल'च्या उत्तरातून, रकाने वेगळे करणारे ऑक वापरून, सहावा, सातवा आणि आठवा रकाना उचलतो. तारीख सगळे असेच काढत असतील असे वाटल्याने लिहिले नव्हते. पायथॉन मला येत नाही आणि आज रात्री शिकणेही शक्य नाही.

जुना_सोलापूरकर: मग दोष तुमच्या स्क्रिप्टचा नाही, एलएसचा तो स्वभावच आहे. फाइल गेल्या सहा महिन्यांतली असेल तर ते वेळ दाखवते, त्याहून जुनी असेल तर वेळ गाळून वर्ष दाखवते. ते उत्तर माणसाने डोळ्यांनी वाचण्यासाठी असते, रकाने मोजून उचलण्यासाठी नव्हे. त्याऐवजी एकेका फाइलची माहिती देणारे स्टॅट वापरावे: स्टॅट, डॅश छोटा सी, अवतरणात टक्का आणि छोटा वाय, शेवटी फाइलचे नाव. वाय मोठा लिहिलात तर १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मिळतात. ते वाचायला निरुपयोगी, पण यादी तारखेच्या क्रमाने लावायला उत्तम. फक्त 'दिवस-महिना-वर्ष' हवे असेल तर 'डेट डॅश आर' आणि फाइलचे नाव देऊन पुढे अधिक चिन्हासह स्वरूप लिहावे. फाइलच्या नावाचे चल (व्हेरिएबल) नेहमी दुहेरी अवतरणात ठेवावे, नाहीतर 'काठ नवीन' या एका फाइलला शेल दोन फायली समजेल.

कन्ना_चौक: मॅकवर स्टॅटला डॅश सी चालत नाही, तिथे डॅश एफ लागते. शिवाय फाइल तयार झाल्याची तारीख हवी असेल तर सीटाइम पाहावा.

जुना_सोलापूरकर: मॅकचे विचारलेलेच नाही. आणि सीटाइम म्हणजे निर्मितीची तारीख नव्हे. फाइलची परवानगी बदलली तरी तो बदलतो.

पायथॉनप्रेमी: अवतरण, टक्का, छोटा वाय, मोठा वाय! म्हणूनच मी पायथॉन म्हणत होतो.

अक्कलकोट_रोड: स्टॅटने तारखा एकसारख्या आल्या, आभारी आहे. परंतु आता वेगळाच प्रश्न दिसतो आहे: २१२ फायलींवर १४ जून हीच तारीख आहे. वेळ आणि वर्षाच्या गोंधळात हे आधी लक्षात आले नव्हते. त्या दिवशी एवढ्या डिझाइनांना कोणी हातही लावलेला नाही.

जुना_सोलापूरकर: त्या दिवशी संगणक बदलला होता का?

अक्कलकोट_रोड: हो. जुन्या डिस्कवरून 'सीपी डॅश आर' या नक्कल करणाऱ्या कमांडने फायली आणल्या. बाकीच्या फायली टारमधून, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातून, सोडवल्या होत्या.

जुना_सोलापूरकर: टार मूळ तारीख राखते. सीपीला डॅश पी दिले नाही तर नकलेवर नक्कल केल्याचीच वेळ पडते.

कन्ना_चौक: मग आता डॅश पी आणि डॅश यू देऊन पुन्हा नक्कल करावी, म्हणजे प्रश्न मिटेल.

जुना_सोलापूरकर: मिटणार नाही. डॅश यू असताना मूळ फाइल नकलेहून नवी असेल तरच नक्कल होते, आणि इथे तर नकलेचीच तारीख नवी आहे, त्यामुळे काहीच हलणार नाही. नुसते डॅश पी दिले तर जूननंतर केलेले बदल पुसले जातील. जुनी डिस्क जवळ असल्यास प्रत्येक जोडी 'सीएमपी डॅश एस'ने ताडून पाहावी आणि दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तेव्हाच 'टच डॅश आर', जुनी फाइल, नवी फाइल या क्रमाने जुनी तारीख नव्या फाइलवर चढवावी. क्रम उलटा झाला तर जुन्या डिस्कवरची खरी तारीखही जाईल, म्हणून आधी दोनच फायलींवर करून पाहावे.

अक्कलकोट_रोड: केले. १९७ फायलींना मूळ तारखा मिळाल्या, उरलेल्या १५ फायली त्याच दिवशी नक्कल झाल्यावर खरोखर बदललेल्या निघाल्या. काठाच्या जुन्या आणि नव्या दोन्ही फायलींवर १४ जूनच होती, त्यामुळे मागावाल्याने तारीख पाहूनच फाइल निवडली असती तरी तो फसलाच असता. त्याला मी उगाच बोललो. यादी छापायला लावली आहे.