जळगाव एमआयडीसी: भाऊ शेडच्या पत्र्यातून पडला, सल्ला हवा

गिरणाकाठ:
मोठा भाऊ डाळमिलच्या शेडवर गळके पत्रे बदलायला चढला होता. सिमेंटच्या पत्र्यावर पाय दिला, पत्रा फुटला आणि १५ फुटांवरून तो उभाच्या उभा खाली आला. उजवी टाच मोडली. ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे. ठेकेदार म्हणतो, दवाखान्यात ‘घरी जिन्यावरून पडलो’ सांगा, खर्च मी करतो. काय करावं?

अमळनेरकर:
भाऊ, आधी एक सांग, कंबरेचा एक्स-रे काढला का? पायांवर पडलं की दणका टाचेतून वर मणक्यापर्यंत जातो. टाच एवढी ठणकते की कंबरेकडे लक्षच जात नाही. माझ्या मामेभावाचा दबलेला मणका ८ दिवसांनी सापडला. पाय बधिर वाटला, लघवी अडकली, तर सकाळची वाट पाहू नका.

गिरणाकाठ:
कंबर दुखते म्हणत होता. आम्हाला वाटलं, सारखं झोपून राहून दुखत असेल. आजच काढतो.

भुसावळचे नाना:
बेटा, जिन्याचं अजिबात सांगू नका. केसपेपरवर ‘कामावर असताना शेडवरून पडून’ असंच हवं, पुढचं सगळं त्या ओळीवर उभं राहतं. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल (पगाराची मर्यादा महिन्याला २१,००० रुपये), तर कामावरच्या अपघातात काम बंद असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. त्यासाठी आधी इतके महिने वर्गणी भरलेली हवी, अशी अट नाही. ठेकेदाराने नाव नोंदवलं नसेल तर मिलमालकालाही विचारा, मुख्य मालक म्हणून जबाबदारी त्याच्यावर येते. ईएसआयसी नसेलच तर कामगार भरपाईचा दावा करता येतो. सोबत काम करणाऱ्या दोघांचे नंबर घेऊन ठेवा.

फिटर_धुळे:
जे अजून वर चढतात त्यांच्यासाठी लिहितो. आपल्याकडच्या उन्हात जुना सिमेंटचा पत्रा ठिसूळ होतो, वरून मात्र धडधाकट दिसतो. उजेडासाठी मधे टाकलेला प्लास्टिकचा पत्रा धूळ बसली की ओळखूच येत नाही. फळ्या टाकल्याशिवाय पाय ठेवू नका, आणि फळी दोन्हीकडे लोखंडी आडव्यांवर टेकलेली हवी. नुसता बेल्ट घालून भागत नाही. दोरी पायाच्या पातळीला अडकवली तर ती ताणली जाऊन झटका झेलेपर्यंत १५ फुटांवर जमीनच येते. दोरी डोक्याच्या वर अडकवा, नाहीतर खाली जाळी लावून घ्या.

गिरणाकाठ:
मणका दबलाय. ऑपरेशन नको म्हणाले, पट्टा दिलाय. केसपेपरवर खरं कारण लिहून घेतलं. ठेकेदाराचे तीन फोन येऊन गेले. नाना, तुम्हाला मेसेज केलाय, मिलमालकाला द्यायचा अर्ज एकदा बघून द्याल का?