चाललेल्या कॅलरी परत खायच्या का?

वजनकाटा:
काल तासभर चालून आलो. घड्याळ म्हणालं, २४१ कॅलरी जाळल्या. ॲपने लगेच तेवढ्याच कॅलरी आजच्या कोट्यात वाढवून दिल्या, म्हणजे आता खायला मोकळा. तीन महिने मी इमानेइतबारे हे ऐकलं आणि काटा जागचा हलला नाही. आता माझं मत पक्कं झालंय: वजन उतरवायचं असेल तर चालण्याच्या कॅलरी मांडूच नयेत.

पाणी कुठे मुरतंय तेही सापडलं. माझं वजन ७० किलो. ताशी ४.८ किमी वेगाने सपाटीवर तासभर चाललं की साधारण २४० कॅलरी जातात, हे बरोबर. पण तोच तास खुर्चीत बसून काढला असता तरी ७०-७५ गेल्याच असत्या. हृदय-मेंदू काही फुकटात चालत नाहीत. आणि त्या कॅलरी दिवसाच्या कोट्यात आधीच धरलेल्या असतात. म्हणजे चालण्याची खरी कमाई १७० च्या आसपास. मूठभर बदामांत संपली!

पुढे तर आणखी गंमत. खातं उघडताना मी फुशारकीने ‘हलकी हालचाल’ निवडलं होतं. त्यामुळे माझ्या १,५०० च्या बीएमआरला (दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणाऱ्या कॅलरी) १.२ ऐवजी १.३७५ ने गुणलं गेलं, १,८०० च्या जागी २,०६२ झाले. हे जादाचे २६२ म्हणजे माझं चालणंच की! त्यावर रोज घड्याळाचे २४१ वेगळे. एकच चालणं दोनदा जमेला.

पायपीट:
अहो, हिशेब चुकला म्हणून वहीच कशाला फाडताय? ‘बैठं काम’ निवडा, म्हणजे १.२. मग चालण्याची नेट कमाई, म्हणजे बसल्या जागी जाणाऱ्या कॅलरी वगळून उरते ती, तेवढी मिळवा. सपाटीवर साध्या चालीने वजन गुणिले किलोमीटर, त्याचं निम्मं. तुमचंच बघा: ७० गुणिले ४.८, निम्मे १६८. घड्याळ नसलं तरी चालतं.

माझं काम पायी फिरण्याचं आहे. वजन ६०, रोजचे १२ किमी ठरलेले. म्हणजे ३६०. तुमच्यासारखंच ‘मांडायचंच नाही’ असं ठरवून मीही एकदा बसले होते. दोन आठवडे छान उतरलं. तिसऱ्या आठवड्यात रात्री अकरा वाजता ओट्याशी उभी राहून बिस्किटांचा अख्खा डबा संपवला, दिवासुद्धा न लावता. उपाशी शरीर वसुली करतंच.

शंकासुर:
वजनकाटा यांना +१. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. नाडी बहुतेकांनी ठीक मोजली. कॅलरीत मात्र सगळ्यात बऱ्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. २७ टक्के चुकणारा वजनकाटा (आयडी नव्हे, यंत्र) घरात ठेवाल का?

पायपीट:
म्हणूनच म्हटलं ना, घड्याळ नको. अंतर मोजा. आणि चुकांचंच म्हणाल तर खाण्याची नोंद कुठे धुतल्या तांदळासारखी असते? तेल आपण नजरेनेच ओततो. एक छोटा चमचा इकडचा तिकडे झाला की ४०-४५ कॅलरी. त्यावरून खाणं मोजू नका असं कोणी म्हणत नाही.

टेकडीवाली:
सगळे सपाटीवरच चालताय! १०० मीटरला ५ मीटर चढ असला तर त्याच वेगाला नेट खर्च जवळजवळ दुप्पट होतो. उतरताना तेवढा परत मिळत नाही, एवढं फक्त ध्यानात ठेवा, मी पहिल्यांदा दोन्ही बाजू दुप्पट धरल्या होत्या. 🙈

हळूहळू:
तुम्ही दोघंही शरीराला बँकेचं पासबुक समजताय. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा खर्च मोजला, २०१२ मध्ये छापून आलं. शिकार, कंदमुळं, दिवसभर पायपीट (पुन्हा आयडी नव्हे). तरी शरीराचा आकार जमेला धरला तर एकूण खर्च बैठ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. इकडे जास्त गेलं की शरीर दुसरीकडे काटकसर करतं, असं त्यांचं म्हणणं.

पायपीट:
तो जन्मभर तसं जगणाऱ्यांचा मामला आहे, आणि त्या मांडणीवर तज्ज्ञांतही वाद आहेत. माझे ३६० पूर्ण फुकट जातात असं त्यातून निघत नाही. फार तर निम्मेच परत खा. मी सध्या तेच करते, डबा शाबूत आहे.

शंकासुर:
निम्म्याचं निम्मं! यापेक्षा न मोजणं सोपं नाही का?

पायपीट:
तासभर चालणाऱ्याला सोपं, मान्य. १२ किमीवाल्याला नाही.

वजनकाटा:
हे मला पटलं. माझे १६८ सोडून दिले तरी बिघडत नाही, तुमचे ३६० सोडले तर डब्याला धोका. मांडूच नयेत हे वाक्य माझ्यापुरतं ठेवतो.

आत्ताच ॲपमध्ये ‘बैठं काम’ केलं. कोटा एका बोटात २६२ ने खाली. बघूनच भूक लागली.