यावलकडची मुरमाची धावपट्टी खरी वाटत नाहीये, सीनरीत काय बदलू? (एक्स-प्लेन १२ फ्लाइट सिम्युलेटर)

तापीकाठ:
राम राम मंडळी. एक्स-प्लेन १२ मधे मी यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला एक काल्पनिक कच्ची धावपट्टी बनवतोय, म्हणजे जळगाव विमानतळावरनं सेसना १७२ हे छोटं विमान काढायचं, तापी ओलांडायची आणि केळीच्या बागांमधे उतरायचं, दहा-पंधरा मिनिटांत काम. वर्ल्ड एडिटरमधे (सीनरी बनवायचं सॉफ्टवेअर) ८०० मीटरचा डर्ट रनवे टाकला, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक लावला, दोन शेड ठेवल्या. पण वरनं बघितलं की चटई अंथरल्यासारखं दिसतं, कडा एकदम सरळ कापलेल्या. केळी पाहिजे तिथं कुठल्यातरी परदेशी जंगलातली झाडं आणि घरं सगळी उतरत्या छपरांची. आपला भाग वाटतच नाही. ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) थोडंफार येतं. सुरुवात कुठनं करू?

मुरूम_माती:
काय भो, मस्त काम काढलंय. आधी एक ठरव, ही पट्टी गावात कोणी केली असती तर कशी केली असती? काळ्या मातीवर थेट कोणी करणार नाही, पावसाळ्यात ती फुगते, चाक रुततं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे वरची माती खरवडून मुरूम टाकणार, पाणी मारून रोलर फिरवणार. मग पट्टी तांबूस-पिवळी आणि दोन्ही बाजूला काळं रान. पावसाने मुरूम वाहून त्या काळ्यात पसरतो, म्हणून कड कधीच सरळ नसते, कुठं हातभर कुठं चांगली दोन मीटर बाहेर. मधे चाकांनी घासलेले दोन फिकट पट्टे, टोकाला विमान वळवतात तिथं खरवडलेला गोल, कडेनं गाजरगवत. हे चार बदल केले तरी अर्धं काम झालं.

करायचं कसं, तर रनवेचा सरफेस ट्रान्सपरंट ठेव आणि वरनं स्वतःचं ड्रेप्ड पॉलिगॉन (जमिनीवर चादरीसारखा पसरणारा चित्राचा तुकडा) टाक, टेक्श्चरच्या म्हणजे त्या चित्राच्या कडेला अल्फा (पारदर्शकता) वेडावाकडा विरत न्यायचा. त्या पॉलिगॉनच्या पॉल फाईलमधे लेयर ग्रुप (कुठला थर वर दिसणार ते) रनवेच्या वरचा दे आणि सरफेस डर्ट लिहीच, नाहीतर दिसायला मुरूम पण चाकाखाली डांबर. एकच तुकडा रिपीट झालेला डोळ्याला लगेच कळतो, त्यामुळे खाली साधा मुरूम आणि त्यावर डाग, चाकोऱ्या, गवत असे वेगळे छोटे पॉलिगॉन.

केळीवाला_रावेर:
केळीचं मी सांगतो, घरची बाग आहे. डिफॉल्ट जंगल एक्सक्लूजन झोन (सिम्युलेटरची मूळ झाडं-घरं वगळायचा चौकोन) टाकून आधी काढून टाका. मग स्वतःची फॉरेस्ट फाईल (झाडं कशी पेरायची ते सांगणारी) बनवा, त्यात स्पेसिंग (झाडांमधलं अंतर) आणि रँडम (जागा किती विस्कटायची ते) अशा दोन ओळी असतात, रँडम शून्य केलं की झाडं ओळीत उभी राहतात. केळी ओळीतच पाहिजे, विस्कटलेली दिसली की संपलं. खरी लागवड ५ बाय ५ फूट वगैरे असते पण तेवढं घनदाट टाकलं तर फ्रेम रेट (स्क्रीनवरचं चित्र बदलायचा वेग) पार झोपेल, ३ मीटर ठेवा, वरनं फरक कळत नाही.

दुसरं म्हणजे सगळी केळी एका उंचीची नको. आपल्याकडे मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली) वेगळी, कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली) वेगळी, एकाच बांधाला एका बाजूला डोक्याच्या वर गेलेली आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढी. त्यामुळे दोन-तीन फॉरेस्ट फाईल लागतील. आणि पानं अखंड दाखवू नका! वाऱ्याने ती शिरेपर्यंत फाटलेली असतात, चिंध्या लोंबतात, खालची वाळून तपकिरी होऊन बुंध्याला चिकटलेली. म्हणून तर बागेच्या कडेला शेवरी लावतात नाहीतर हिरवी नेट बांधतात, ती नेट मॉडेल करायला अगदी सोपी आहे आणि लांबनं ओळखू येते. घरं म्हणाल तर धाब्याची नाहीतर पत्र्याची, सपाट. शिवाय विहीर, तिच्याजवळ कडुनिंब, लाईटचे खांब आणि एक डीपी (ट्रान्सफॉर्मर).

सातपुडा_व्ह्यू:
वरचं सगळं बरोबर, पण पट्टीची दिशा कोणती ठेवलीय ते कोणी विचारलंच नाही. तिथं उतार सातपुड्याकडनं तापीकडे, म्हणजे उत्तर-दक्षिण. पट्टी उत्तर-दक्षिण टाकली तर एक टोक वर आणि एक खाली जाणार, मग माणूस ऑल्वेज फ्लॅटन (विमानतळाची जमीन सपाट करणारा पर्याय) चालू करतो आणि टोकाला कडा तयार होतो. पूर्व-पश्चिम ठेवा, ०९/२७ (दिशेचे अंश भागिले दहा, ०९ म्हणजे तोंड पूर्वेला, २७ म्हणजे पश्चिमेला). जळगावचा १७०० मीटरचा रनवेसुद्धा ०९/२७ च आहे. उन्हाळ्यात पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडचा, म्हणजे २७ वर उतरायचं, डोंगर उजव्या हाताला. त्या ॲप्रोचवरनं (उतरायला येतानाच्या वाटेवरनं) जे दिसतं त्यावरच मेहनत घ्या, मागच्या बाजूला नुसते शेतांचे तुकडे पुरतात.

मुरूमभाऊंशी एका बाबतीत माझं जमत नाही, गाजरगवत वगैरे हजार फुटांवरनं दिसत नाही हो. तिथनं दिसतात ते बांध, गाडरस्ते आणि डोंगरातनं तापीकडे उतरणारे नाले, काठाला बाभळी असलेले. आधी नाले काढा. आणि सीनरी इतरांना देणार असाल तर गूगलच्या इमेजरीचे तुकडे त्यात घालू नका, परवानगी नसते.

मुरूम_माती:
सातपुडा भाऊ, नाल्यांचं मान्य. पण उतरल्यावर इंजिन बंद करून माणूस तिथंच थांबतो ना, तेव्हा नजर जमिनीवरच असते. कच्च्या पट्टीची खरी मजा ती, त्यामुळे गवत मी सोडणार नाही.

तापीकाठ:
लई भारी मंडळी. पट्टी उत्तर-दक्षिणच होती, आता फिरवतो. महिना मे धरतोय, रानं नांगरलेली काळी आणि फक्त केळी हिरवी, कॉन्ट्रास्ट चांगला मिळेल. रावेरवाले दादा, फाटलेल्या पानांचे फोटो मिळतील का? टेक्श्चरला वापरेन.

केळीवाला_रावेर:
देतो की. ढगाळ दिवशी काढतो म्हणजे सावली येणार नाही, मागे पांढरी चादर धरतो, अल्फा कापायला सोपं जाईल. लहान रोपाचे पण पाहिजेत का मोठ्याचेच?