नवतपात ट्रेडमिलवर पळणारे धावपटू नाहीत का?

विदर्भकन्या: काल आपल्या ग्रुपवर पोस्ट आली: 'ट्रेडमिलवर जागच्या जागी पाय हलतात, त्याला पळणं म्हणत नाहीत. पहाटे साडेचारला उठा, नवतपातही, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतही, रस्ता मिळतो. ज्यांना उठवत नाही त्यांनी स्वतःला धावपटू म्हणू नये.' हे वाचून रात्री झोप लागली नाही. मी चंद्रपूरची. मे महिन्यात इथली पहाटही तापलेली असते. शेजारी २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. गेल्या मे महिन्यात पहाटेच निघाले होते. चौदाव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली, दोन सलाईन लागल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात जून लागेपर्यंत घरातच पळते. चढ १ टक्का, समोर कूलर, रविवारी १६ किलोमीटर. मला उठवत नाही, असं कुणी म्हणू नये.

पहाटवारा: पोस्ट माझीच. उन्हाची सवय शरीराला दहा-चौदा दिवसांत लागते, घाम लवकर सुटायला लागतो. ती घरात बसून कशी लागणार? आणि तुम्ही साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धरली आहे ना? यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेने खाली यायचं असतं. उतारावर मांड्या भरतात, ते तुमचा १ टक्का चढ शिकवत नाही.

विदर्भकन्या: माझ्या खोलीत एसी नाही. संध्याकाळी आत ३५ अंश असतं. सवय तिथेही लागते. घाटाचं काम जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावर करीन.

दुसरा_मजला: तुमचं चालू द्या, पण एक सांगतो. आमच्या वरच्या घरात पहाटे पाचला ट्रेडमिल सुरू होते. छत दणदणतं. वडील अंथरुणाला खिळलेले, रात्री तीनला कुठे त्यांचा डोळा लागतो. सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, 'बाहेर प्रदूषण आहे, आम्ही काय करायचं?'

सेमिनरी_हिल्स: खाली जाड रबरी चटई घाला म्हणावं.

दुसरा_मजला: घातली आहे! हादरा स्लॅबमधून येतो, चटई किती अडवणार? ज्यांच्या डोक्यावर कुणी पळत नाही त्यांनी चटया सुचवू नयेत.

सेमिनरी_हिल्स: मग त्यांनी पळायचं तरी कुठे? आमच्या सोसायटीत माळी रोज सकाळी पालापाचोळा जाळतो. चार अर्ज दिले. 'पूर्वीपासून असंच चालतं' एवढंच ऐकवतात. मुलीला दमा आहे माझ्या.

पहाटवारा: विषय पळण्याचा आहे, सोसायटीच्या तक्रारींचा नाही. ॲपवर हवा 'समाधानकारक' दिसली की मी निघतो.

सेमिनरी_हिल्स: पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, घनमीटरला साठ मायक्रोग्रॅमपर्यंत असले तरी आपल्याकडे 'समाधानकारक'च दाखवतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची सरासरी १५ म्हणते. पळताना आपण तोंडाने, कितीतरी पट हवा ओढतो. त्या शब्दावर विसंबून फुप्फुसं पणाला लावू नका.

पहाटवारा: मान्य. पण कूलर हवा कुठून घेतो? बाहेरूनच ना? खसाच्या ताट्या धूळ अडवतील, बारीक कण नाही. म्हणजे ताई घरात पळूनही तीच हवा घेताहेत.

विदर्भकन्या: हे मात्र खरं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. धुरकट दिवशी खिडकी लावून नुसता पंखा ठेवीन आणि अंतर निम्मं करीन. पण म्हणून रस्ता बरा, असं होत नाही.

पहाटवारा: सलाईनचं वाचलं. 'धावपटू म्हणू नये' हे वाक्य मागे घेतो. घाटाबद्दलचं घेत नाही.

दुसरा_मजला: आणि पहाटे पाचचं?

विदर्भकन्या: दादा, मी तळमजल्यावर राहते आणि संध्याकाळी सातला पळते. तुमच्या वरच्यांनाही हीच वेळ सुचवा. वडील तेव्हा जागे असतील.

दुसरा_मजला: सातला चालेल. साडेआठला त्यांना औषध देऊन झोपवतो, त्याआधी आटपायला सांगतो.