सुपरचार्जरला टर्बोचा व्हॉल्व्ह चालतो का? माझं मत: नाही

परळचा_फिटर:
आमच्या शेडमध्ये २ लिटरचं रेस इंजिन आहे. पट्ट्यावरचा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारा ब्लोअर), बूस्ट म्हणजे हवेचा जादा दाब ०.६ बार, थ्रॉटल (हवेची झडप) ब्लोअरच्या नंतर. कोइमतूरच्या करी ट्रॅकला ड्रायव्हरने पाय उचलला की पाइपातून घरघर यायची, आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या रिब्स सोललेल्या निघाल्या. बायपास व्हॉल्व्ह (थ्रॉटल मिटल्यावर अडलेली हवा सोडणारा) होता २५ मिमीचा, टर्बो गाडीचा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला.

टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, तो कमी मिळाला की आपोआप मंदावतो. आपला ब्लोअर क्रँकला बांधलेला. इंजिन ७००० आरपीएमवर असेल तोवर तो हवा ढकलतच राहणार. हिशेब करून बघा: ७००० ला हे इंजिन मिनिटाला ७००० लिटर ओढतं, बूस्टमध्ये १.६ पट, म्हणजे ११,२०० लिटर. एवढी हवा २५ मिमीच्या भोकातून काढायची तर बाहेरच्या घनतेला वेग येतो सेकंदाला ३८० मीटर, ध्वनीपेक्षा जास्त. ती सगळी निघत नाही, उरलेली मागे फिरते. ५० मिमीला हाच वेग ९५ वर येतो.

लालबाग_ट्रॅक:
दादा, मोठा व्हॉल्व्ह पाहिजे हे पटलं, पण ५० मिमीचा परदेशातून मागवायचा आणि रेसच्या आदल्या रात्री डायाफ्राम (व्हॉल्व्ह हलवणारा पडदा) फाटला तर काय करायचं? मी बॉशचे डायाफ्रामवाले दोन लावतो, बाजूबाजूला. ऑपेरा हाऊसला चौकशी केली तर मिळून जातात. आणि हवा बाहेर सोडतो. आमचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातल्या) दाबावर चालतो, आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो मीटर नाहीच, मग मिक्स्चर बिघडायचा प्रश्न कुठे?

परळचा_फिटर:
बाहेर सोडण्याला माझी हरकत नाही. मीटर असता तर मोजलेली हवा फुकट जाऊन मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) झालं असतं. पण २५ चे दोन म्हणजे क्षेत्रफळाने जेमतेम ३५ मिमीचा एक. ५० ची बरोबरी करायला चार लागतील.

बोरीवली_बूस्ट:
साइझवर भांडताय, व्हॉल्व्ह बंद धरणाऱ्या स्प्रिंगचं कोणी बोलतच नाही. बूस्टमध्ये व्हॉल्व्ह गळू नये म्हणून कडक स्प्रिंग टाका, मी नेहमी तेच करतो. रेस कॅममुळे (इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या कॅमशाफ्टमुळे) आयडलला बायपास उघडणारा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कमी मिळतो, मान्य. पण रेसमध्ये आयडलला कोण असतं? ७००० वर थ्रॉटल बंद केला की कॅम कसाही असो, व्हॅक्यूम भरपूर येतो. व्हॉल्व्ह उघडणारच.

परळचा_फिटर:
इथे मी अजिबात सहमत नाही, साहेब. फुल थ्रॉटलला डायाफ्रामच्या वर मॅनिफोल्डचं प्रेशर आणि खाली ब्लोअरचं, दोन्ही जवळजवळ सारखी. व्हॉल्व्ह बंद ठेवायला हलकी स्प्रिंगही पुरते. गळत असेल तर आधी सिग्नलची होज (मॅनिफोल्डचं प्रेशर व्हॉल्व्हपर्यंत नेणारी नळी) तपासा. ती थ्रॉटलनंतर मॅनिफोल्डवरून, स्वतंत्र आणि आखूड असली पाहिजे. ब्रेक बूस्टरच्या नळीला टी मारून घेतलेली असेल तर व्हॉल्व्ह उशिराच उघडणार.

खरा त्रास पूर्ण बंद थ्रॉटलला नाही, लांब वळणात आहे. ड्रायव्हर पाव थ्रॉटलवर ४५०० ला गाडी तोलून धरतो, ब्लोअर फिरतोय, हवेला वाट कमी, आणि व्हॅक्यूम अगदी थोडा. कडक स्प्रिंग तिथे हलतच नाही. कॉम्प्रेसर तिथेच सर्ज करतो, म्हणजे हवा उलटी फिरून धक्के देते, आणि तो प्रत्येक धक्का पट्ट्यावर येतो.

चेंबूर_रूट्स:
माझ्याकडे रूट्स ब्लोअर (दोन रोटरांनी हवा ढकलणारा सुपरचार्जर) आहे, थ्रॉटल ब्लोअरच्या आधी, त्यामुळे सर्जची भानगड नाही. पण बायपास लागतोच. मुंबईची ३२ अंशांची हवा ०.६ बारला दाबली आणि ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ती १०५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. ग्रिडवर (स्टार्टच्या रांगेत) उभं असताना ही भट्टी कशाला पेटती ठेवायची? बायपास उघडा असला की ब्लोअर थंड राहतो. हवा बाहेर सोडणं मात्र आमच्या रचनेत शक्य नाही, ती मोजून झालेली आणि बऱ्याचदा पेट्रोल मिसळलेली असते.

बोरीवली_बूस्ट:
पाव थ्रॉटलचा मुद्दा मी धरला नव्हता. तरी हलकी स्प्रिंग बूस्टमध्ये फडफडते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

परळचा_फिटर:
व्हॅक्यूम गेज टीने जोडा आणि वळणातला आकडा लिहून आणा. माझ्या इंजिनला आयडलला ९ इंच पारा मिळतो, वळणात ४. मी स्प्रिंग ३ इंचांना उघडायला लागेल अशी बसवतोय, व्हॉल्व्ह ५० मिमीचा. रविवारी पट्टा काढून रिब्सचा फोटो टाकतो.