नुसत्या पहिल्या नावावरून कुणाला शोधलंय का? अनुभव लिहा

माझ्या पणजीचं नाव लक्ष्मी. ती मुलींच्या शाळेत शिकवायची आणि १९२० च्या दशकात मासिकांना पत्रं पाठवायची, एवढंच आजीकडून ऐकलेलं. दोन वर्षं मी जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या अंकांत तिला शोधते आहे. 'लक्ष्मी' टाकलं की आधी लक्ष्मीपूजन येतं, मग लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या वर्गणीदारांची यादी, मग कोल्हापूरची महालक्ष्मी. माणसं त्यानंतर. जुन्या खिळ्यांची छपाई मशीनला धड वाचता येत नाही, त्यामुळे ती 'लक्ष्मो' आणि 'लदमी' होऊनही कुठेतरी पडलेली असणार. आईच्या मावसभावाकडून पणजीचं माहेरचं आडनाव कळलं, तेव्हा लक्षात आलं की सुरुवातीची पत्रं 'कु.' लावून त्या आडनावानं असतील, पुढची 'सौ.' लावून सासरच्या नावानं, आणि पणजोबा लवकर गेले म्हणजे त्यानंतरची 'गं. भा.'. कॅटलॉगच्या लेखी एका बाईच्या तीन बायका झाल्या.

ग्रंथालयात, दफ्तरखान्यात, तलाठ्याकडे, कुठेही तुम्ही असं शोधलं असेल तर लिहा. सापडलं नसेल तरी लिहा.

*

पुण्यात पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं वाचतो. त्या काळच्या पत्रांत आडनाव क्वचित. माणूस स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहितो, संपलं. त्यामुळे नुसता 'बाळाजी' शोधणं म्हणजे समुद्रात घागर बुडवणं. बाळाजी विश्वनाथ पहिले पेशवे, बाळाजी बाजीराव त्यांचे नातू नानासाहेब, आणि बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणवीस. परशुरामभाऊ पटवर्धन हवे असतील तर 'परशुराम रामचंद्र' बघा, हरिपंत फडके हवे असतील तर 'हरी बल्लाळ'. हे 'बल्लाळ' नवख्यांना आडनाव वाटतं. ते वडिलांचं नाव आहे, बाळाजीचं. गोविंदपंत बुंदेलेही कागदात 'गोविंद बल्लाळ'च.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, त्यामुळे सूची करणाऱ्यानं नाव कुठे तोडलं यावरही बरंच अवलंबून. मी हल्ली नाव शेवटी बघतो. आधी गाव, मग साल. कागदावर सुहूर सन असतो, म्हणजे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेली जुनी कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, पानिपताचं साल. तेवढं जमलं की दोनशे कागदांतले दहा उरतात, आणि दहा कागद डोळ्यांनी वाचता येतात.

*

आमचं शोधकाम २०२३ च्या हिवाळ्यातलं, कुणबी नोंदीसाठी. अख्खी भावकी कामाला लागली होती. खापरपणजोबा तुकाराम, एवढंच हातात. तहसीलला कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या नमुना १४ ची पानं बघायला बसलो. कागद इतका जीर्ण की पान उलटताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून यायचा. मोडी वाचणारे आजोबा शेजारी, त्यांच्या हातात भिंग. दोन दिवस 'तुकाराम' नाहीच. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "घरात त्याला तुकाराम म्हणत होते का?" तिथे गाडी रुळावर आली. लिहिणाऱ्यानं कानावर पडलं तसं लिहिलेलं. तुकारामाचा तुका, ज्ञानोबाचा ग्यानू, राणोजीचा राणू. पण 'तुका' शोधला तर त्या गावात पाच तुका.

मग हेळव्याची आठवण झाली. आमच्या सांगलीकडे हेळवी येतात, घराण्याची वंशावळ सांगतात, धान्य घेऊन जातात. चुलत्यांनी त्याच्याकडून उतरून घेतलेला कागद ट्रंकेत होता. त्यात तुकाच्या बापाचं नाव मिळालं, आणि रजिस्टरात 'तुका बिन राणू' समोर आलं. त्याच पानावर खाली 'सखू कोम तुका'. कोम म्हणजे बायको. पाच पिढ्यांत तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. दाखल्याला तिचा उपयोग नव्हता, तरी मी ती ओळ वहीत उतरवून घेतली.

*

शोधगंगेवर प्रबंध शोधणाऱ्यांसाठी थोडक्यात. 'सुनीता' टाकू नका. आडनाव कधी आधी, कधी शेवटी, मधे वडिलांचं की नवऱ्याचं याचा नेम नाही, इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांचं. मार्गदर्शकाच्या नावानं यादी उघडा. एका मार्गदर्शकाकडे विद्यार्थी असून असून किती असणार?

*

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. आनंदीबाई जोशी इथे १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या कॉलेजचे कागद आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपण सवयीनं शेवटी 'आय' लावून 'जोशी' टाइप करतो. त्या मात्र शेवटी दोन 'ई' लावून लिहायच्या. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेल्या चरित्रात तर त्या 'आनंदाबाई' आहेत. आणि लग्नाआधी त्यांचं नाव यमुना होतं. नुसतं 'आनंदीबाई' शोधलं की राघोबादादांच्या आनंदीबाई येतात, आणि धोंडो केशव कर्व्यांच्याही. त्या मूळच्या गोदूबाई, १८९३ च्या पुनर्विवाहानंतर आनंदी झाल्या. बायकांची नावं लग्नात बदलायची आपली रीत दफ्तरात फार महागात पडते. माहेरचं नाव टिपून ठेवायला हवं हे घरातल्या कुणालाच सुचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

*

मॉरिशसच्या एका मराठी कुटुंबासाठी मी रत्नागिरीकडचं गाव शोधत होतो. तिथे गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या माणसाचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसतं. म्हणजे हातात आडनाव आहे असं वाटतं, आणि खरं तर असतं पणजोबांचं पहिलं नाव, तेही फ्रेंच वळणानं लिहिलेलं. लक्ष्मणाचं काय काय झालेलं बघितलं! मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची रजिस्टरं आहेत. १८३४ ते १९१० या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून तिथे गेली, त्यात लक्ष्मण किती असतील याचा अंदाज करा. प्रत्येकाला नंबर होता. शेवटी पणजोबांच्या मुलाच्या लग्नाच्या दाखल्यावर बापाचा नंबर मिळाला, आणि नंबरावरून बापाचं नाव, गाव, उंची, सगळं एका ओळीत. गावाचं नाव गोऱ्या कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं. ते मी अजून नकाशावर जुळवतो आहे.

*

धागा काढणारी मीच. मोडीवाल्या दादांचं वाचून काल रात्री नाव सोडलं आणि शाळेचं गाव टाकलं. १९२७ च्या एका अंकात त्या गावाहून आलेलं पत्र निघालं. खाली सही 'एक शिक्षिका', बाकी काही नाही. पण मजकुरात शाळेमागच्या आडाची गोष्ट आहे, पोरींना पाणी ओढायला लावतात म्हणून केलेली तक्रार. हीच गोष्ट आजी सांगायची, पोहऱ्याच्या तुटलेल्या कडीसकट. आईला फोनवर वाचून दाखवलं, तर ती कडीपाशी आल्यावर गप्पच झाली.

१९२८ चे अंक स्कॅन झालेले नाहीत. बुधवारी सुट्टी काढून ग्रंथालयात जाते, मूळ अंकांची बांधणी बघायला मिळते का विचारते.